एकेचाळीस ओळींचा लाडू

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत होता. कुठलं जंगल, ते विचारू नका. पूर्ण पत्ता लिहायची अट या गोष्टीत पुढे येणारच आहे, तेव्हा बघू. आत्ता नुसतं मांडी घालून बसा.

साळिंदराचं नाव होतं साळोजी. त्याच्या पाठीवर पाचशे काटे होते. इतर साळिंदरांचे काटे वाघाला टोचायला असतात. साळोजीने आयुष्यात कुणाला काटा टोचला नव्हता. तो काट्याचं टोक जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पानावर लिहायचा. त्याचं अक्षर फार सुरेख होतं. ते त्याला माहीतही होतं, आणि तिथूनच सगळी पंचाईत झाली.

त्याच जंगलात शेकरू आत्याबाई राहायच्या. मोठ्या आंब्याच्या बुंध्याशी त्यांची चूल होती. थंडी पडली की आत्याबाई लाडू वळायच्या. लाडू दोन प्रकारचे. एक साधे डिंकाचे. दुसरेही डिंकाचेच, पण त्यांत गोडंबी असायची. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. तो पोटात गेला की बाळंतिणीच्या कंबरेत बळ येतं. हरिणी, सांबरी, रानमांजरी, सगळ्या बाळंत झाल्या की आत्याबाईंच्या चुलीकडेच यायच्या. आत्याबाईंचे लाडू नसते तर अर्धं जंगल हिवाळाभर कंबर धरून कण्हत बसलं असतं.

पण बिब्बा सगळ्यांना सोसत नाही. कुणाकुणाला तो उततो. तोंड सुजतं, फोड येतात, आणि खाज अशी सुटते की अंग घासून घासून झाडाची साल निघते. म्हणून आत्याबाईंचा एक रिवाज होता. लाडू हातावर ठेवण्याआधी त्या विचारायच्या.

"बिब्बा उततो का गं तुला?"

"काय माहीत, आत्याबाई. कधी खाल्ला नाही."

"आईला उतायचा का? आणि नाकावर हा काळा डाग कसला? बघू. अगं, हा बिब्ब्याचाच! तू आपली साधा घे."

झालं. एवढाच कारभार. दोन्ही लाडू दिसायला जुळी भावंडं होती. रंग तोच, वास तोच. फरक ठाऊक होता तो एकट्या आत्याबाईंना.

साळोजीला बिब्बा भलताच उतायचा. लहानपणी तो बिब्ब्याच्या झाडाखाली नुसता झोपला होता, तर तीन दिवस डोळे उघडले नव्हते. त्यामुळे आत्याबाई त्याला न विचारताच साधा लाडू द्यायच्या. वीस वर्षं देत होत्या. दोन लाडवांतला फरक ओळखायची साळोजीला कधी गरजच पडली नाही. एवढं लक्षात ठेवा, मुलांनो. साळोजीने ठेवलं नाही.

एकदा काय झालं, कोल्ह्याने वाघमहाराजांना कोवळं हरीण म्हणून म्हातारी घोरपड खाऊ घातली. महाराज दोन दिवस गुहेबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते फर्मान घेऊनच आले. फर्मान असं होतं : 'आपण काय खातो आहोत, ते खाणाऱ्याला कळलं पाहिजे. पौर्णिमेपर्यंत जो ही सोय करणार नाही, त्याची चूल विझवली जाईल.'

फर्मान इतकं सोपं होतं की जंगल घाबरलं. "एवढंच असेल होय? आत आणखी काहीतरी असणार," असं जो तो म्हणू लागला. आणि आत काहीतरी असणार असं लोकांना वाटलं की सल्लागार लागतो.

साळोजीने बिळाबाहेर पाटी लावली : 'साळोजी साळिंदर, लेबल सल्लागार. फर्मानाचा अर्थ काढून मिळेल.'

पहिलं गिऱ्हाईक अस्वल. त्याचा मधाचा धंदा होता.

"दादा, मध गोड आहे, हे लिहावं लागेल," साळोजी म्हणाला. "किती गोड, तेही."

"बाप रे. किती लिहायचं?"

"एका वेळच्या खाण्यावर ते ठरतं. एका वेळी किती खाल्ला जातो?"

"मी तर अख्खं पोळं खातो."

"तुम्ही नको. आपण मुंगी धरू."

मुंगीच्या एका घासात कितीशी गोडी येणार? लेबलावर सुरेख अक्षरात आलं : 'गोडी : एका खाण्यात नगण्य.' अस्वल इतकं खूश झालं की त्याने अख्खं पोळं तिथल्या तिथे संपवलं. मग माकड आलं. त्याच्या बोरांवर साळोजीने 'हाताने वेचलेली' असं लिहिलं. माकड प्रामाणिक होतं. ते म्हणालं, "काही पायांनीही वेचली आहेत हो." साळोजीने कंसात 'चारही' असं वाढवलं.

साळोजीचं नाव झालं. तो चालताना काटे जरा जास्तच सळसळवू लागला.

आत्याबाई मात्र त्याच्याकडे आल्या नाहीत. शेवटी पौर्णिमा आठ दिवसांवर आली, तेव्हा तोच त्यांच्या चुलीपाशी गेला.

"आत्याबाई, लेबल कुठंय?"

"कशाला रे? मी सांगते की प्रत्येकाला."

"सांगणं चालत नाही. सांगितलेलं हवेत जातं. त्याला पुरावा काय?"

"इतक्या वर्षांत माझ्या लाडवाने एकाचंही तोंड सुजलं नाही. हा पुरावा नव्हे?"

"हा पुरावा नाही, आत्याबाई. हा नुसता अनुभव आहे."

आत्याबाई पुन्हा लाडू वळू लागल्या. अशा वाक्यापुढे कुणीही लाडूच वळतं. आम्हीसुद्धा वळले असते.

एक खरं सांगायला हवं. साळोजीचा आत्याबाईंवर जीव होता. ती चूल विझेल, याची त्याला फार भीती वाटायची. आणि भ्यालेला सल्लागार काय करतो? ओळी वाढवतो. फर्मान होतं दोन ओळींचं. साळोजीचं लेबल झालं एकेचाळीस ओळींचं.

पहिल्या तीन ओळी फर्मानाला वंदन करण्यात गेल्या. मग चुलीचा पत्ता आला. मग डिंक कोणत्या झाडाचा, ते झाड किती वर्षांचं, ते आलं. शेकरूच्या शेपटीचा केस पडण्याचा संभव आला. 'लाडू हिरवा दिसू लागण्यापूर्वी खावा,' अशी मुदत आली. या लेबलात वर्षभर काहीही बदल करता येणार नाही, हे पस्तिसाव्या ओळीत आलं. सदतिसाव्या ओळीत अखेर गोडंबीचा नंबर लागला. 'बिब्बा' हा शब्द साळोजीला सरकारी लिखाणात शोभेना. त्याने भारदस्त शब्द घातला, 'भल्लातक'.

एवढा मजकूर पळसाच्या पानावर मावणार कसा? केळीचं पान घ्यावं लागलं. त्याच्या चार घड्या घातल्या की आत कुठेतरी लाडू असायचा. आता दोन लाडवांना दोन वेगळी लेबलं लिहायची, तर दुप्पट काम. म्हणून साळोजीने दोघांना एकच लेबल केलं : 'यात भल्लातक असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

"अरे, पण साध्यात नाहीच्चे तो!" आत्याबाई म्हणाल्या.

"नसू दे. आहे म्हटलं तर गिऱ्हाईक पळतं. नाही म्हटलं तर आपण अडकतो. असू शकेल म्हटलं की आपण दोन्हीकडून सुटतो."

"आणि खाणारा?"

साळोजीने जरा विचार केला. "खाणाऱ्याने वाचावं," तो म्हणाला.

एकोणचाळिसावी ओळ त्याची सर्वांत आवडती. 'विक्रेत्याने आणि त्याच्या सल्लागाराने लेबलाबाहेरचे अक्षरही आपणहून बोलू नये. ग्राहकाने विचारल्यास उत्तर द्यावे.' म्हणजे तोंडी एक आणि लेखी भलतंच, असा घोटाळा व्हायला नको. तिच्यात 'सल्लागार' हा शब्द त्याने हौसेने घातला होता. आपला उल्लेख कुठेतरी असावा, असं कुणाला वाटत नाही? चाळिसाव्या ओळीत चुलीपाशी एक पोपट बसवला. कुणी लेबलाबाहेर बोललं की पोपटाने ते जसंच्या तसं सरकारी कचेरीत जाऊन म्हणायचं, आणि चूल बंद. एकेचाळिसाव्या ओळीत साळोजीची सही होती. ती तेवढी मोठ्या अक्षरात होती.

पौर्णिमेच्या सकाळी तपासणीला गवासाहेब आले. देह अवाढव्य, स्वभाव शांत. त्यांना वाचता येत नव्हतं आणि ते त्यांचं काम नव्हतंच. त्यांच्याबरोबर एक सरकारी मुंगी होती. ती प्रत्येक अक्षराशेजारी उभी राहायची. अक्षर मुंगीपेक्षा बुटकं निघालं की लेबल बाद.

एकही अक्षर बुटकं निघालं नाही. मग साहेबांनी ओळी मोजवल्या.

"एकेचाळीस! अस्वलाच्या तर अकराच होत्या. काम असावं तर असं." साहेबांनी खूर उचलला आणि लेबलावर मंजुरीचा ठसा उमटवला. खूर मोठा होता. तो नेमका सदतिसाव्या ओळीवर पडला. पुढे सगळ्या लेबलांवर तसाच पडत गेला, कारण ठसा एकसारखा हवा, असा त्यांच्या कचेरीचा कटाक्ष होता.

चूल वाचली! साळोजीला आकाश ठेंगणं झालं. आत्याबाईंसमोर दोन टोपल्या होत्या. डावीकडे साधे लाडू, उजवीकडे गोडंबीचे. दोन्हींत केळीच्या पानांच्या सारख्याच पुड्या.

"तुम्ही बसा, आत्याबाई. आज मी माझ्या हाताने घेतो," असं म्हणत साळोजीने उजव्या टोपलीत हात घातला.

आत्याबाईंनी तोंड उघडलं. पोपटाने मान वाकडी केली. आत्याबाईंनी तोंड मिटलं. मग त्यांनी शेपटी हलवली. वर हलवली, खाली हलवली, डावीकडच्या टोपलीवर आपटली. साळोजीला वाटलं, आत्याबाईंना आनंद झालाय.

त्याने पान उलगडलं. पहिली घडी, दुसरी घडी, तिसरी, चौथी. घडीघडीला त्याला आपलं अक्षर दिसत होतं. काय वळण, काय वेलांट्या! त्याने ते डोळे भरून पाहिलं. वाचलं मात्र नाही. मग अख्खा लाडू तोंडात टाकला.

"आजचा लाडू काही वेगळाच झालाय, आत्याबाई!" तो म्हणाला.

आता ही काही विचारणा नव्हती. आत्याबाईंना उत्तर देता येईना. त्यांच्या डोळ्यांत पाणी मात्र आलं.

साळोजीचं नाक आधी बोराएवढं झालं, मग पेरूएवढं. ओठ बाहेर आले. डोळे आत गेले. पाचशे काटे ताठ उभे राहिले आणि प्रत्येकाच्या मुळाशी खाज सुटली. पाचशे काटे असलेल्याने अंग खाजवायचं कसं, याचा तुम्हीच विचार करा.

"आट्याबाई," तो सुजल्या तोंडाने म्हणाला, "याट काय होटं?"

हा प्रश्न होता. आत्याबाईंनी मोठ्ठा श्वास घेतला.

"गोडंबी, मेल्या! गोडंबी! लहानपणापासून तळहातावर जपला तुला, आणि आज काय अवदसा आठवली?" असं म्हणत त्यांनी त्याला खोबरेल चोळलं आणि आमसुलाचं पाणी पाजलं. चोळताना त्यांच्या हाताला काटे टोचत होते. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

गवासाहेब चौकशीला परत आले.

"लेबलावर लिहिलं होतं का?"

"होटं."

"लिहिलं कुणी?"

"मी."

"वाचलं नाही कुणी?"

"मीच."

"मग दोष कुणाचा?"

साळोजी कसलेला सल्लागार होता. दोष कुणाकडे सरकवावा, याचा त्याने पुष्कळ विचार केला. चारही बाजूंना तोच उभा होता. अखेर त्याने हात जोडले. "साहेब, टेवढी एकोणचाळिसावी ओळ काढटो. आट्याबाईंना विचारू द्या पूर्वीसारखं."

साहेबांनी मुंगीला लेबल वाचायला सांगितलं. "वर्षभर बदल नाही," मुंगी म्हणाली. "ओळ पस्तीस."

डोळे मिटलेले, घरी जायचं कसं? साळोजी चुलीपाशीच बसून राहिला. आणि मुलांनो, एक नवल झालं. लाडू घ्यायला येणारी प्रत्येक बाई त्याला बघून दचकायची आणि विचारायची, "अगं बाई! यांना काय झालं?"

विचारलं! मग काय, आत्याबाई सुटायच्या. "बिब्बा उतला. तुला उततो का? आईला उतायचा का?" पोपट चोच उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. ग्राहकाने विचारलं होतं. त्याला कचेरीत सांगण्यासारखं काही उरत नव्हतं.

सात दिवस असे गेले. एकाही बाळंतिणीला काही झालं नाही. पाचशे काट्यांनी लिहून जे साधलं नाही, ते साळोजीच्या एका नाकाने साधलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपला कुणाला तरी उपयोग झाला, असं त्याला वाटलं. ते वाटणं फार सुखाचं नव्हतं, कारण खाज चालूच होती.

आठव्या दिवशी सूज उतरली.

त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. एक साधासुधा साळिंदर बसलाय, त्यात काय विचारायचं? बायका यायच्या, पुडीवरचं अक्षर बघून "किती छान" म्हणायच्या आणि पुडी घेऊन जायच्या. आत्याबाई ओठ दाबून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी एक भेकर आली. डोंगरापलीकडची, अनोळखी. तीन दिवसांचं पाडस तिच्या पायांत घोटाळत होतं. तिला धड उभंही राहवत नव्हतं.

"गोडंबीचा द्या हो," ती म्हणाली. "कंबर पार गेली आहे माझी. सगळ्या म्हणतात, त्याने बरं वाटतं."

आत्याबाईंनी तिच्या नाकाकडे पाहिलं. नाकावर काळा डाग होता. आत्याबाईंनी साळोजीकडे पाहिलं. साळोजीनेही डाग पाहिला. पोपटाने मान वाकडी केली. आत्याबाईंनी साधी पुडी पुढे केली, तर भेकर म्हणाली, "ही नको. सगळ्या उजवीकडची घेतात," आणि तिने स्वतःच उजवीकडची उचलली.

लेबलाबाहेर बोलायचं नाही. पण लेबल मोठ्याने वाचायला काय हरकत आहे? साळोजीने घाईघाईने उजवीकडचीच दुसरी पुडी उलगडली. मधूनच वाचलं तर अर्धवट माहिती दिल्यासारखं होईल, म्हणून त्याने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"परमप्रतापी वाघमहाराजांच्या फर्मानास त्रिवार वंदन करून—"

"असू दे हो भाऊ," भेकर म्हणाली. "पोर भुकेलंय. पोथी नंतर ऐकेन."

साळोजीने घड्या भराभर उलटल्या. सदतिसावी ओळ सापडली. "यात भल्ला—" पुढे गवासाहेबांचा खूर होता. अख्ख्या जंगलात सगळ्यांत सुरेख अक्षर त्याचं, आणि त्याला स्वतःलाच ते लागेना. भेकरीने लाडू तोंडाशी नेला.

तेव्हा साळोजी उठला. त्याने हातातल्या पुडीतला लाडू काढला. आत्याबाईंनी जोरजोरात मान हलवली, नको रे, नको रे. साळोजीने आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही न भिता एक काम केलं. त्याने अख्खा लाडू तोंडात टाकला आणि गिळला.

दुसऱ्या खेपेला अंगाला वाट ठाऊक झाली होती. नाक बघता बघता फुगलं. डोळे मिटले. काटे सटासट उभे राहिले.

भेकरीच्या हातून लाडू खाली पडला. "अगं आई गं! यांना काय झालं हो?"

आणि आत्याबाईंच्या तोंडून सकाळपासून कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "बिब्बा उतला! आणि तुलाही उततो, तो नाकावरचा डाग सांगतोय! त्या पडलेल्याला हात लावू नकोस. हा घे, साधा डिंकाचा. आईला उतायचा ना? वाटलंच मला. अंगावर पाजतेस ना पोराला? मग कोमट पाणी पी, पाठ उन्हाला दे, आणि असं लांब चालत येऊ नकोस, निरोप पाठव."

पोपट हिरमुसला. "विचारलं होतं," तो पुटपुटला आणि पंखाखाली चोच घालून बसला.

भेकर साधा लाडू खाऊन, पाडसाला घेऊन, हळूहळू डोंगराकडे गेली. आत्याबाई खोबरेलाची वाटी घेऊन साळोजीपाशी बसल्या. त्या रडत होत्या, आणि त्याला शिव्याही देत होत्या.

"आट्याबाई," साळोजी म्हणाला, "एक बोलू? गोडंबीचा लाडू साध्यापेक्षा फारच चांगला लागटो. वीस वर्षं टुम्ही मला—"

"गप बस, सुजऱ्या," आत्याबाई म्हणाल्या आणि त्याच्या नाकाला आणखी तेल लावलं.

वर्ष सरलं. नूतनीकरण झालं. आता तुम्हाला वाटेल, साळोजीने एकोणचाळिसावी ओळ काढली असेल. छे! काढायचा अर्ज वेगळा होता आणि वाढवायचा अर्ज सोपा होता. त्याने एक ओळ वाढवली. लेबल बेचाळीस ओळींचं झालं. शेवटच्या ओळीत त्याने स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं : 'सोबत एक सुजलेला सल्लागार.'

गवासाहेबांनी लगेच मंजुरी दिली. तेव्हापासून दर आठ दिवसांनी सूज उतरली की साळोजी एक लाडू खातो. जंगलातल्या बाळंतिणी सुखरूप आहेत. साळोजीचा सल्ला आता सगळे मानतात, कारण त्याचं तोंड बघितल्यावर तो ऐकायची गरज उरत नाही. ही गोष्ट सांगणाऱ्याच्या नाकालाही अधूनमधून खाज येते, पण त्याचा इथे संबंध नाही.

तात्पर्य : लेबल न वाचताच खावं. एकाचं तोंड सुजल्याशिवाय दुसरा तोंड उघडून विचारत नाही.

(या तात्पर्यात बोध असण्याची शक्यता नाकारता येत नाही.)